पोदेर आधी फाटकाची कडी बघतो: कुत्र्याची जात, मालकाची जबाबदारी आणि आपला वाडा

गोव्यातल्या आमच्या वाड्यावर, म्हणजे वस्तीत, कोणाच्या घरी कसला कुत्रा आहे, हे पंचायतीच्या दप्तरात शोधायला जाऊ नये. पोदेराला, म्हणजे पाववाल्याला, विचारावं. पहाटे सायकलला पावाची पाटी बांधून भोंगा वाजवत तो निघतो, तेव्हा कुठल्या फाटकात हात घालून पिशवी उचलायची, कुठे रस्त्यावरूनच भोंगा वाजवून उभं राहायचं, हे त्याला पाठ असतं. वळणावरच्या एका नव्या बंगल्याला उंडे (गोल पाव) देणं त्याने मध्यंतरी बंदच केलं. का, म्हणून विचारलं तर म्हणाला, "बाय, त्या फाटकाची कडी बघितलीस? तारेने बांधलीय. आणि आतला कुत्रा माझ्याएवढा."

कुत्रा कुठल्या जातीचा, हे त्याला माहीत नव्हतं. मला होतं, तो रॉटवायलर होता. पण तो कडीबद्दल बोलत होता आणि मी जातीबद्दल विचार करत होते. नंतर या विषयावर जे जे वाचलं, त्यातून एवढं कळलं की आम्ही दोघेही बरोबर होतो, फक्त दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत होतो.

ऑगस्ट 2024 मध्ये हणजूणला पिटबुलच्या हल्ल्यात सात वर्षांचा मुलगा गेला. त्यानंतर गोव्यात पिटबुल हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. चर्चा मात्र तेव्हापासून दोन टोकांना चालली आहे. एक बाजू म्हणते, या जातीच राक्षसी, सगळ्या बंद करा. दुसरी म्हणते, कुत्रा वाईट नसतोच, वाईट असतो तो मालक. दोन्ही बाजूंकडे अर्धं अर्धं सत्य आहे.

पिटबुल म्हणजे नेमका कोण?

पिटबुल ही एकच जात नाही, इथूनच घोळ सुरू होतो. अमेरिकन पिटबुल टेरियर, अमेरिकन स्टॅफर्डशायर टेरियर, स्टॅफर्डशायर बुल टेरियर, अलीकडचा अमेरिकन बुली, या सगळ्यांना लोक सरसकट पिटबुल म्हणतात. त्यांच्या आपसातल्या संकरांनाही तेच नाव. पिटबुल म्हणून विकलं जाणारं पिल्लू खरोखर काय आहे, हे विकणाऱ्यालाही ठाऊक असतंच असं नाही.

मूळ गोष्ट इंग्लंडातली. बैलाला खुंटाला बांधून त्याच्यावर कुत्रे सोडायचा खेळ तिथे कित्येक पिढ्या चालला. 1835 मध्ये कायद्याने तो बंद झाला. शौकिनांचा शौक काही कायद्याबरोबर संपला नाही, मग कुत्र्यांच्याच झुंजींना जोर आला. खड्ड्यात दोन कुत्रे सोडायचे, तळघरात सहज जमतं. त्यासाठी बुलडॉगची पकड आणि टेरियरची चपळाई एकत्र आणली गेली. खड्डा म्हणजे पिट, नाव तिथून आलं.

गोंयकाराला हे समजायला जड जाऊ नये. आपल्याकडे धिरयो, म्हणजे बैल-रेड्यांची झुंज, आहेच. न्यायालयाने 1996 मध्ये बंदी घातली तरी कुठल्या तरी शेतात लपूनछपून लागते, हे सगळ्यांना माहीत आहे. धिरयोचा रेडा मैदानात दुसऱ्या रेड्याला फोडून काढतो आणि संध्याकाळी तळीवर घरातलं पोर त्याची पाठ घासतं. म्हणजे आपल्यासारख्याच जनावराशी झुंजण्याची वृत्ती आणि माणसाच्या अंगावर जाण्याची वृत्ती या एकच नव्हेत. पिटबुलवाले हाच मुद्दा मांडतात आणि तो चुकीचा नाही. पण झुंजीसाठी निवड करताना आणखी काही गुण पक्के होत गेले: दुखलं तरी मागे न हटणं आणि एकदा धरलं की न सोडणं. घरात या गुणांचा त्रास होईलच असं नाही. एखाद्या दिवशी मात्र काही बिनसलं, तर हेच गुण जीवघेणे ठरतात.

(त्याच्या जबड्याला कुलूप लागतं, ही मात्र थाप आहे. तसा कुठलाही सांधा त्याच्या जबड्यात नाही. तो सोडत नाही कारण त्याला सोडायचं नसतं.)

रॉटवायलरची गोष्ट वेगळी. दक्षिण जर्मनीतल्या रॉटवाइल गावावरून हे नाव पडलं. खाटकांची गुरं हाकणं, गाडी ओढणं, पैशाची थैली राखणं ही त्याची कामं. पुढे 1910 च्या सुमारास जर्मन पोलिसांनी त्याला कामाला घेतलं. अनोळखी माणसावर संशय घेणं हाच ज्याचा पिढ्यान्पिढ्याचा धंदा, त्याच्या नराचं वजन पन्नास किलोपर्यंत आणि वरही जातं. डोगो अर्जेंटिनो तर रानडुकराच्या शिकारीसाठी घडवलेला. तो आपल्याकडे बंगल्याच्या राखणीला कसा आला, हे मला आजवर उमगलेलं नाही. रानडुकरं सत्तरी तालुक्याच्या रानात आहेत, किनाऱ्यावरच्या बंगल्यात नाहीत.

बोंडू आणि नारळ

आता विज्ञान काय म्हणतं? 2022 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला. अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांकडून वागणुकीची माहिती घेतली गेली आणि सुमारे दोन हजार कुत्र्यांची जनुकं तपासली गेली. एका कुत्र्याचं वागणं दुसऱ्यापेक्षा वेगळं का, याचं जेमतेम 9 टक्के स्पष्टीकरण जातीतून मिळतं, असं त्यात दिसलं. बाकीचं त्या त्या कुत्र्याचा स्वभाव, वय, वाढ, घर आणि शिकवण यांच्यात विखुरलेलं. म्हणजे नुसत्या जातीवरून अमुक कुत्रा चावणार की नाही, हे सांगता येत नाही.

यावर श्वानप्रेमी टाळ्या वाजवतात. पण हा अभ्यास वागण्याबद्दल आहे, चाव्याच्या परिणामाबद्दल नाही. काजूच्या झाडाखाली उभे राहा, बोंडू डोक्यावर पडायची शक्यता पुष्कळ. माडाखाली त्या मानाने कमी. तरी गाडी लावताना आपण वर बघतो ते माडाखालीच. घरातला पॉमेरेनियन आयुष्यात दहा जणांना चावेल आणि दहाही जण टेटनसचं आणि रेबीजचं इंजेक्शन घेऊन घरी येतील. पन्नास किलोचा कुत्रा एकदाच चावेल. समोर मूल असेल तर त्याचा गळा आणि चेहरा नेमका कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर असतो. 2022 च्या जुलैत लखनौला एका वृद्ध निवृत्त शिक्षिकेचा घरच्याच पिटबुलने जीव घेतला, तेव्हा तो कुत्रा त्या घराला परका नव्हता.

तेव्हा चावेल का, हा एक प्रश्न झाला आणि चावला तर काय होईल, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर मुख्यतः मालकाच्या हातात आहे. दुसऱ्याचं कुत्र्याच्या आकारात, ताकदीत आणि पकडीत, म्हणजे बऱ्याच अंशी जातीत. एवढा फरक डोक्यात पक्का ठेवला तर निम्मी भांडणं मिटतील. उरलेली निम्मी आपण कुठल्याही विषयावर करतोच.

फाटकाशी रोज काय घडतं

पुन्हा पोदेराकडे येऊ, कारण कुत्रा आक्रमक कसा होतो हे त्याच्या फेरीत सगळ्यात स्पष्ट दिसतं. तो येतो. कुत्रा फाटकावर येऊन भुंकतो. पोदेर पाव देतो आणि निघून जातो. आपल्या दृष्टीने त्याचं काम झालं म्हणून तो गेला. कुत्र्याच्या हिशेबात, मी भुंकलो म्हणून तो पळाला. म्हणजे कुत्रा जिंकला. नुस्तेकान्न, म्हणजे मासे विकणारी, येते, जाते, तीही हरली. पोस्टमन हरला, विजेच्या मीटरवाला हरला. वर्षातले तीनशे दिवस रोज चार वेळा जिंकणाऱ्या कुत्र्याची समजूत पक्की होते की अंगावर गेलं की माणूस हटतो. मग एके दिवशी तारेने बांधलेली कडी सुटते.

साखळीने बांधलेल्या कुत्र्याचं तर आणखी वाईट. भीती वाटली की कुठलंही जनावर आधी पळायला बघतं. साखळीने ती वाट बंद केली की उरतं फक्त अंगावर जाणं. दिवसभर आखूड साखळीला बांधून ठेवलं की कुत्रा तापट आणि चांगला राखणदार होतो, असं समजणारे आजही भेटतात. तो राखणदार होत नाही, घाबरट होतो, आणि घाबरलेल्या कुत्र्याचा चावा विचार करून मारलेला नसतो. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्याच्या 11 व्या कलमात आखूड किंवा जड साखळीला अवाजवी वेळ बांधून ठेवणं आणि बांधलेल्या कुत्र्याला फिरवायला न नेणं, दोन्ही गुन्हेच आहेत.

मुळातली चूक बहुतेक वेळा पिल्लू घेतानाच होते. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाच्या मेंदूची दारं उघडी असतात. या काळात त्याला जे जे भेटतं ते ते पुढे ओळखीचं आणि निर्धोक वाटतं: छत्रीवाला माणूस, रडणारं मूल, बुलेटचा आवाज, चवथीला वाजणारं घुमट. आई आणि भावंडांबरोबर खेळताना चावा किती जोरात घ्यायचा नाही, हेही ते याच दिवसांत शिकतं. जोरात चावलं तर भाऊ केकाटतो आणि खेळ थांबतो, हीच त्याची शाळा. श्वान प्रजनन आणि विक्रीच्या 2017 च्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही आणि विकणाऱ्याची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. प्रत्यक्षात फोटो मोबाइलवर येतो, पैसे मोबाइलवरून जातात आणि महिन्याभराचं पिल्लू खोक्यातून घरी येतं. आई कशी आहे, हे कोणी बघितलेलंच नसतं. पिल्लाची आई बघितल्याशिवाय पैसे देऊ नका, एवढं जरी वाचकांनी पाळलं तरी पुष्कळ झालं.

गोव्यात यावर आणखी एक थर चढलाय, आणि त्याबद्दल कोणी मोकळेपणी बोलत नाही. बंगला एकाचा, कुत्रा त्याच्या हौसेचा आणि सांभाळणारा तिसराच. वळणावरच्या त्या बंगल्यात मी एकदा गेले तेव्हा राखण करणारा तरुण म्हणाला, "साहेब डिसेंबरला येतात, आणि एकदा पावसात. मी बस म्हटलं तर हा बसत नाही, ताटली काठीने आत सरकवतो." ज्या माणसाचं कुत्रा ऐकत नाही, त्याच्या ताब्यात तो कुत्रा वर्षाचे अकरा महिने. त्या तरुणाचा यात काय दोष? वीस हजारांच्या आत पगार आणि पन्नास किलोची जबाबदारी.

गुरगुरणं ही भेट समजा

कुत्रा अचानक चावला, असं प्रत्येक जण सांगतो. बहुतेक वेळा अचानक नसतं, आपल्याला वाचता आलेलं नसतं. अंग ताठ होतं, हालचाल थिजते. मान वळवतो पण नजर तिथेच, डोळ्याच्या कोपऱ्यात पांढरं दिसायला लागतं. भूक नसताना जिभल्या चाटतो, झोप नसताना जांभई देतो. शेपूट हलते आहे म्हणजे खुशीत आहे, हे तर साफ खोटं. ताठ उभारलेली, भराभर थरथरणारी शेपूट तापलेल्या कुत्र्याचीही असते. यानंतर गुरगुर येते. इथे आपल्याकडे मालक काय करतात? चापट मारतात. दोन-चार वेळा मार खाल्ला की कुत्रा गुरगुरणं सोडतो, चावणं सोडत नाही. घरातली धोक्याची घंटा आपणच काढून फेकली, आणि वर म्हणायचं, काही न सांगता चावला.

यासोबत ते सुप्रसिद्ध वाक्य येतंच, "तो कांय करिना." तो काही करत नाही. मालकाचा त्यावर प्रामाणिक विश्वास असतो, कारण त्याला तो खरंच काही करत नाही. घरच्यांशी कुत्रा कसा वागतो, यावरून सायकलवर जाणाऱ्या अनोळखी पोराशी तो कसा वागेल, हे कळत नाही.

कायदा कुठे उभा आहे

केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने 12 मार्च 2024 रोजी राज्यांना पत्र पाठवून पिटबुल, रॉटवायलर, डोगो अर्जेंटिनो, केन कॉर्सो, तोसा वगैरे 23 जातींची आयात, प्रजनन आणि विक्री बंद करायला सांगितलं. पुढच्याच महिन्यात कर्नाटक आणि दिल्ली उच्च न्यायालयांनी ते रद्द केलं. ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांचं ऐकूनच घेतलं नाही, हा मुख्य आक्षेप. गोव्यात हणजूणच्या घटनेनंतर मागणी पुन्हा वर आली आणि जुलै 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने पिटबुल-रॉटवायलरसारख्या जातींवर बंदी आणणाऱ्या कायद्याच्या प्रस्तावाला मान्यता दिली. तुमच्याकडे आधीपासून असा कुत्रा असेल तर कानावर येणाऱ्या गोष्टींवर विसंबू नका. पशुसंवर्धन आणि पशुवैद्यकीय सेवा खात्याच्या जवळच्या दवाखान्यात जाऊन अधिसूचना, नोंदणी आणि नसबंदीबद्दल विचारा. आणि घाबरून कुत्रा रात्री मोपाच्या रस्त्यावर सोडून येऊ नका. बेवारस सोडणं हाही गुन्हाच, शिवाय धोका तुमच्या फाटकातून उठून दुसऱ्याच्या दारात जातो.

बंदीने प्रश्न सुटेल का? ब्रिटनने 1991 मध्ये चार जातींवर बंदी घातली. तीस वर्षांनी तिथे एक्सएल बुली नावाचा, यादीत नसलेला, आणखी अजस्र कुत्रा लोकांचे जीव घेऊ लागला आणि 2024 च्या फेब्रुवारीपासून परवानगीशिवाय तो बाळगणंही बेकायदा झालं. नेदरलँड्सने आपली पिटबुलबंदी 2008 मध्ये मागे घेतली. माझं मत विचाराल तर या जातींची आयात आणि पैदास थांबवायला माझी हरकत नाही. माडाखाली माणसं झोपवू नयेत, इतकं साधं आहे ते. पण यादी केली म्हणून काम झालं असं समजून पंचायत हात झटकणार असेल, तर तीच माणसं यादीबाहेरचा कुत्रा आणतील आणि कडी तारेनेच बांधतील.

शिवाय यादी नसतानाही मालक मोकळा नाहीच. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या 291 व्या कलमात, आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाला धोका होऊ नये याची काळजी न घेणं हा गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. माणूस दगावला तर कलम 106, निष्काळजीपणाने मृत्यू, पाच वर्षांपर्यंत कैद. यात जातीचा उल्लेख कुठेही नाही.

घरात असा कुत्रा असेलच तर

दोन फाटकं हवीत. एक उघडताना दुसरं बंद. बाहेर नेताना छातीचा पट्टा आणि आखूड दोरी, आणि ती अशा माणसाच्या हातात ज्याला कुत्रा ओढून नेऊ शकत नाही. दहा वर्षांच्या मुलाने रॉटवायलर फिरवायला नेणं म्हणजे कुत्र्याने मुलाला फिरवायला नेणं. गर्दीत मुसकं घाला. मळणीच्या बैलाला मुसकं घालताना आपल्याला कधी क्रूर वाटलं नाही, कुत्र्याच्या बाबतीत लाज का वाटावी? फक्त जाळीचं घ्या, त्यातून त्याला धापा टाकता येतात, पाणी पिता येतं.

पावसाळ्यात चिऱ्यांच्या गडग्यावरून दर आठवड्याला एक चक्कर मारा. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात गडगा कुठे तरी बसतोच, आणि ते भगदाड मालकाच्या आधी कुत्र्याला सापडतं. त्यात पाऊस म्हणून आठ-आठ दिवस फिरवलेलं नसतं. चवथीला आरतीची मंडळी घरोघर फिरतात, फटाके फुटतात, दिवाळीच्या आदल्या, नरकासुराच्या रात्री तर बोलायलाच नको. तेवढे दिवस कुत्रा मागच्या खोलीत, पंखा लावून, दार लावून.

आणि समोरून कुत्रा आलाच तर पळू नका. हात अंगाशी, झाडासारखे उभे राहा, डोळ्यांत बघू नका, हातातली छत्री, पिशवी, सायकल मध्ये धरा. खाली पडलात तर गुडघे पोटाशी, मान आणि कान हातांनी झाका. मुलांना हे घरात खेळ म्हणून शिकवता येतं.

चावला तर, कुठलाही कुत्रा असो, वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण पंधरा मिनिटं जखम धुवायची. घड्याळ लावून बघा, पंधरा मिनिटं फार मोठी वाटतात. हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही. तसंच आरोग्य केंद्र गाठायचं. रक्त आलं असेल तर लशीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं, ते मागून घ्या. गोवा 2021 मध्ये देशातलं पहिलं रेबीज-नियंत्रित राज्य ठरलं ते कुत्र्यांच्या मोठ्या लसीकरणाच्या जोरावर. याचा अर्थ आता इंजेक्शन नको, असा कोणी घेऊ नये. नियंत्रित म्हणजे संपलेला नव्हे. मालक लसीकरणाचं पुस्तक दाखवत असला तरी निर्णय डॉक्टरला घेऊ द्या.

सगळ्यात अवघड काम मात्र चाव्याच्या आधीचं आहे, शेजाऱ्याशी बोलणं. आपण बोलत नाही. उद्या त्याच्याच विहिरीवर पाण्याला जायचं असतं. वळणावरच्या बंगल्याच्या मालकाशी मी पहिल्यांदा बोलले तेव्हा कुत्र्याचं नावच काढलं नाही, फाटकाबद्दल बोलले, कारण कुत्र्यावर बोट ठेवलं की माणूस दुखावतो आणि कडीवर ठेवलं की सुतार बोलावतो. तरी दोन महिने काही हललं नाही. मग वाड्यावरच्या सहा घरांच्या सह्या घेऊन पंचायतीच्या सचिवाकडे लेखी अर्ज दिला, पोच घेतली, तिची प्रत बंगल्याच्या मालकाला पाठवली. कुत्रा आधीच सुटला असेल, कोणाच्या अंगावर धावला असेल, तर पंचायतीची वाट न बघता पोलिसांत लेखी तक्रार द्या. पहिली तक्रार कागदावर असेल तर पुढे "आम्हाला कल्पना नव्हती" असं कोणाला म्हणता येत नाही.

आता तिथे दुसरं फाटक बसलंय, दोन बोल्टचं. कुत्र्याची नसबंदी झाली, आठवड्यातून दोनदा म्हापशाहून शिकवणारा येतो, आणि राखणदार तरुणाचं "बस" कुत्रा दहातल्या सात वेळा ऐकतो. पावाची पिशवी फाटकावर नाही, रस्त्यापलीकडच्या आंब्याला खिळा मारून टांगलीय. पोदेर तिथे भोंगा न वाजवता उतरतो, चार उंडे टाकतो आणि सायकलवर बसण्याआधी एकदा रस्त्यापलीकडच्या कडीकडे बघून घेतो.